न डोलणारा दिवा

वेन्सिल कादलेक आयुष्यात लोकांच्या लक्षात राहण्यासारखं एकच वाक्य बोलला, आणि मग अठरा वर्षं ते विसरा म्हणून सांगत घरोघर हिंडला. एकट्या माणसाच्या बोलण्याने जगात काही बदलत नाही असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी वेन्सिलला पाहिलेलं नाही.

कार्व्हर बेंडच्या इंजिन शेडमध्ये तो इलेक्ट्रिशियन होता. मी त्याच शेडचं स्टोअर सांभाळत असे. जाळीच्या खिडकीतून तो सामान मागायचा, मी नाही म्हणायचो. आमची मैत्री या पायावर एकतीस वर्षं टिकली. उंच, किडकिडीत माणूस. कानामागे पेन्सिल, डब्यात राय पावाला फासलेली डुकराची चरबी आणि एक खारवलेली काकडी. काकडी तो शेवटपर्यंत राखून ठेवायचा, आणि भोंगा झाला की घाईघाईत खायचा.

अडतीस साली आमच्याकडे प्रवासी गाड्यांची नवी डिझेल इंजिनं आली. त्यांना कपाळावर दोन दिवे होते. एक नेहमीसारखा समोर बघणारा. दुसऱ्याच्या मागे छोटी मोटर आणि दातेरी चाकं. ती फिरली की दिव्याचा झोत चष्म्याच्या दोन काचा गिरवल्यासारखा आभाळात डोलत राहायचा. यामागचा विचार सरळ होता. स्थिर दिवा येतोय की उभा आहे हे लांबून कळत नाही. हलणाऱ्या वस्तूकडे मात्र मांजर, कोंबडी आणि मोटार चालवणारा माणूस हे तिघेही बघतातच. शेडमध्ये त्या दिव्याला 'झिंगलेला' म्हणत. मालगाड्यांच्या इंजिनांना झिंगलेला मिळाला नाही. कंपनीच्या मते मालगाडी मुळातच इतकी मोठी की ती न दिसणाऱ्याला दिवाही दिसणार नाही.

झिंगलेला नाजूक होता. जानेवारीत त्याचं ग्रीस गोठायचं, जुलैत त्यात किडे शिजायचे. वेन्सिल दर आठवड्याला एकेक दिवा उतरवून टेबलावर उघडायचा आणि घड्याळजीसारखा त्यात डोकं घालून बसायचा. फोरमन टॉलिव्हर म्हणायचा, "अरे, बायकोचं शिवणयंत्र इतक्या मायेनं दुरुस्त करतोस का कधी?" वेन्सिल म्हणायचा, ते बिघडतच नाही.

गावातून पश्चिमेला रूळ नदीचं खोरं सोडून सात मैल चढत माळावर जातात. तेव्हा मालगाडी तो चढ धापा टाकत चढायची, आणि उतरताना ताशी वीस मैलांच्या वर जायची तिला बंदी होती. प्रवासी गाडी तोच चढ सत्तर मैलांनी कापायची. त्या सात मैलांत रूळ ओलांडणारे अकरा रस्ते होते. ना फाटक, ना घंटा. फुलीसारख्या ठोकलेल्या दोन पांढऱ्या फळ्या, बस्स. दोन्ही बाजूंना शेती आमच्याच बोहेमियन, म्हणजे चेक मुलखातून अमेरिकेत आलेल्या लोकांची.

एक्केचाळीस साली अशाच एका क्रॉसिंगवर दुधाचा ट्रक चिरडला, तेव्हा शाळांमधून सुरक्षेची भाषणं द्यावीत असं कंपनीला वाटलं. एकशिक्षकी शाळेत जायला कोणी साहेब तयार होईना. मुलांची भाषा येते म्हणून वेन्सिलला पाठवलं. त्याने एक मोडीतला झिंगलेला फळीवर बसवला, बॅटऱ्या जोडल्या, आणि फळी काखोटीला मारून तो कोलार क्रॉसिंगलगतच्या शाळेत गेला. मुलांनी खिडक्यांवर आपापले कोट टांगून अंधार केला. दिव्याचा झोत जगाच्या नकाशावर चष्मे गिरवू लागला. मग वेन्सिलने कंपनीचा कागद वाचला: थांबा, पाहा, ऐका. मुलं हे चालायला शिकायच्या आधीपासून ऐकत होती. ती जांभया देऊ लागली.

मुलं जांभया देऊ लागली की माणूस जे करतो तेच वेन्सिलने केलं. पदरचं घातलं.

"हे बघा," तो म्हणाला, "डोलणारा दिवा दिसला की जागचं हलायचं नाही, ती सत्तर मैलांनी येतेय. न डोलणारा दिसला, तर ती मालगाडी. ती तुमच्या आजोबांच्या चालीनं येते. वाटेत गाय भेटली तर गप्पा मारत उभी राहते."

मुलं हसली. सगळ्यात जोरात हसला तिसऱ्या बाकावरचा डेल चेर्माक, अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या चेर्माकचा मुलगा. आणि मागच्या बाकावरून अल्बिना नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, आणि डोलणारा डोलायचा थांबला तर?"

"मी आहे तोवर नाही थांबायचा," वेन्सिल म्हणाला.

यानंतर दर हिवाळ्याआधी आठ शाळा, पंधरा वर्षं. मुलांनी घरी जाऊन आईबापांना शिकवलं, सुना सासरी आल्या की त्यांना नणंदांनी शिकवलं. त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की नियम खरा होता. पंधरा वर्षांत एकाही इंजिनाने तो मोडला नाही. दिवा बघून माणसं ठरवायची की थांबायचं की निघायचं, आणि तसं ठरवलेलं कधी चुकलं नाही. जो नियम अधूनमधून चुकतो तो माणसं जपून वापरतात. हा कधी चुकलाच नाही.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी, संध्याकाळच्या गाडीचं इंजिन सकाळी शेडमध्ये आलं तेव्हा झिंगलेल्याची मोटर जळालेली होती. माझ्याकडे दुसरी नव्हती. सप्टेंबरात मागवली होती. त्या गुरुवारनंतर नऊ दिवसांनी ती आली, भुसा भरून उत्तम बांधलेली. जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळायची तर दोन दिवस हवे होते. वेन्सिलने इंजिनाच्या चिठ्ठीवर लिहिलं: दुसरा दिवा पेटतो, डोलत नाही.

टॉलिव्हरने चिठ्ठी वाचली. "पेटतो ना? मग झालं. कायद्यानं एक दिवा लागतो, हिला दोन आहेत. कायदा दिव्याला नाचायला सांगत नाही."

"दुसरं इंजिन द्या."

"खिशात घेऊन फिरतो की काय मी इंजिनं? सही कर."

वेन्सिलने सही केली आणि माझ्या खिडकीशी आला. "आज ती मालगाडीसारखी दिसणार," तो म्हणाला.

मी एका वॉशरचा नंबर शोधत होतो. मी म्हटलं, पाच चौतीसला कोलार क्रॉसिंगवर कोणती गाडी असते हे तिथल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. लोक घड्याळावरून ओळखतील. हे बोलणं शहाणपणाचं होतं, आणि गाडी वेळेवर सुटली असती तर खरंही ठरलं असतं. पण त्या दिवशी पूर्वेकडून येणाऱ्या टपालासाठी गाडीला फलाटावर थांबवून ठेवलं. पाच चौतीस झाले, सहा वाजायला आले. पश्चिमेकडच्या सगळ्या घरांनी घड्याळ बघून धरलं असणार की गाडी गेली, आपलंच लक्ष नव्हतं.

हे वेन्सिलच्या ध्यानात आलं तेव्हा तो माझ्या टेबलावरच्या टेलिफोनकडे धावला. त्याला धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे शेतावरच्या वीस-वीस घरांची एकच तार असते, आणि एक्स्चेंजवाल्या बाईने लांब घंटा दिली की सगळे एकदम उचलतात. एक्स्चेंजवर ओपल ड्रेहर होती. नियमाला फार पक्की बाई.

"ओपल, पश्चिमेच्या तारेवर सगळ्यांची घंटा दे."

"आग कुठे लागलीय?" तिचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता.

"आग नाही. गाडीचा दिवा डोलत नाहीये."

मग तिने समजावून सांगितलं की सगळ्यांची घंटा आगीला, मयताला आणि बर्फाने शाळा बंद झाली तर. दिव्याला देता येत नाही. मॅनेजरला विचारते, तो जेवायला गेलाय. वेन्सिल तिला नियमाबद्दल, आजोबांबद्दल, गायीबद्दल सांगू लागला. ते त्या तारेतून नीटसं गेलं नसावं. सहा वाजून पाच मिनिटांनी गाडीने शिट्टी दिली आणि ती निघाली. शेडच्या दारातून आम्ही तिचे दोन दिवे बघितले. दोन्ही सरळ समोर बघत होते.

सहा एकतीसला ओपलने सगळ्यांची घंटा दिली. आता ती नियमात बसत होती.

मागच्या बाकावरच्या त्या अल्बिनाचं लग्न होऊन ती झेलेन्का झाली होती. नवरा विलेम, चार वर्षांची मुलगी. साडेसहाला डेअरी बंद व्हायच्या आत अल्बिना एकटीच पिकअपमधून सायीचे डबे पोचवायला निघाली होती. गाडीच्या ड्रायव्हरने पुढे जे सांगितलं ते असं: ती थांबली होती. काच खाली करून तिने आमच्याकडे पाहिलं. मी शिट्टी दिली, ती तिने ऐकली असणार. मग ती गिअर टाकून निवांत निघाली. निवांत हा शब्द त्याने दोनदा वापरला. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस होता. घाईत मेलेले त्याने पाहिले होते, निवांत मेलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

साय दोन्ही बाजूंच्या खडीवर गोठली. डिसेंबर संपेपर्यंत तिथे मांजरं जमत.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी वेन्सिल विलेमकडे गेला. मला बरोबर नेलं. गाडी चालवायला, तो म्हणाला, पण ती त्यानेच चालवली. विलेम स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेल्या खसखस भरलेल्या गोड पावांच्या, कोलाचेंच्या परड्या, एकीलाही हात लागलेला नाही. वेन्सिलने उभ्यानेच सगळं सांगितलं. मोटर, चिठ्ठी, सही, शाळा.

विलेम म्हणाला, "मला माहीत आहे तो नियम. मी मिनेसोटाचा, मला कुठलं काय कळतंय. लग्न झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिनं शिकवला." मग म्हणाला, "काल मी त्याच क्रॉसिंगवरून गेलो, काका. न डोलणारा दिवा दिसला. मी थांबलो नाही. पलीकडे गेल्यावर कळलं काय केलं ते."

वेन्सिल खुर्चीवर बसला.

"पेपरात 'निष्काळजी' लिहिलंय," विलेम म्हणाला. "पोरगी दोन वर्षांनी वाचायला लागेल."

वेन्सिलने अपघाताच्या चौकशीत हे सगळं सांगायचं कबूल केलं. तीन दिवसांनी कंपनीचा वकील शेडमध्ये आला आणि त्याच्या प्रकृतीची आपुलकीने चौकशी करू लागला. आजारपणाची रजा लगेच मिळेल म्हणाला. टॉलिव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "कबुली द्यायचीच असेल तर चर्चमध्ये दे की लेका. तिथं कोणी लिहून तरी घेत नाही." वेन्सिल आमच्या बहुतेक बोहेमियन लोकांसारखा चर्चमध्ये जात नसे, त्यामुळे ही सोयही नव्हती.

चौकशी अग्निशामक केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये झाली. आमच्याकडे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी निवडून येतो, आणि तेव्हा तो थोरला चेर्माक होता, अंत्यविधीवाला. त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती; दोन्ही बाजूंचं काम शेवटी त्याच्याकडेच यायचं. वेन्सिल वीस मिनिटं बोलला.

"हा नियम कंपनीच्या पुस्तकात आहे?" चेर्माकने विचारलं.

"नाही."

"कायद्यात?"

"नाही."

"मग कोणाचा आहे?"

"माझा."

लिहून घेणारी मुलगी थांबली आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं म्हणून तिने चेर्माककडे पाहिलं. ज्युरी बाहेर जाऊन सिगारेट ओढून आली. निर्णय असा: मयताने येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज चुकीचा केला. निष्काळजी हा शब्द त्यात नव्हता. नोकरीतली पुढची सगळी वर्षं देऊन वेन्सिलने एक शब्द खोडला होता.

कंपनीने त्याला काढलं नाही. बॅटरीच्या खोलीत टाकलं, जिथे बोलायला कोणी नसतं आणि आम्लाच्या वाफेने तोंड उघडू नयेसंच वाटतं. शाळांमध्ये दुसरा माणूस जाऊ लागला, रंगीत फिल्म घेऊन. मग वेन्सिलने स्वतःचं काम सुरू केलं. अकरा क्रॉसिंगच्या आसपास एकशे बेचाळीस घरं होती. रविवारी तो एकेका घरी जायचा, टोपी काढायचा आणि सांगायचा: मी शिकवलं ते चूक होतं. दिवा डोलो न डोलो, थांबा. गाडी जाऊ द्या.

लोक आमच्याकडचे चांगले आहेत. त्याला कॉफी द्यायचे, कोलाचे द्यायचे. हो काका, आता आम्ही दोन्हींना थांबतो. आणि तो फाटकाबाहेर पडला की पोरांना सांगायचे, त्या बिचाऱ्याच्या मनाला फार लागलंय. त्याचं बोलणं त्यांनी ऐकलं ते आजाऱ्याला भेटून यावं तसं. नियम जिथल्या तिथे राहिला. एका घरात तर म्हाताऱ्या आजोबांनी त्याला दाराशीच विचारलं, "माझ्या चालीबद्दल सांगत होतास तो तूच ना?" आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

त्याची बायको लुडमिला मला एकदा म्हणाली, "पंधरा वर्षं शिकवायला दरवर्षी आठ दुपारी लागल्या. परत घ्यायला सगळे रविवार चाललेत." तक्रार नव्हती. ती हिशेबी बाई होती, एवढंच.

पासष्ट साली कंपनीचं पत्रक आलं. डोलणारे दिवे काढून टाकावेत. दुरुस्ती फार, आणि कायद्याने लागत नाहीत. काढायला ते उघडता येणारा माणूस हवा होता, म्हणून वेन्सिलला बॅटरीच्या खोलीतून बाहेर काढलं. चौदा इंजिनांवरचे दिवे त्याने उतरवले आणि भोकांवर पोलादाच्या गोल चकत्या बसवल्या. चकत्या माझ्या स्टोअरमधून गेल्या. त्या मात्र भरपूर होत्या. शेवटची चकती बसवून तो खिडकीशी आला.

"आता सगळ्याच गाड्या मालगाड्या," तो म्हणाला.

त्यानंतर तो एकशे बेचाळीस घरं दुसऱ्यांदा हिंडला. या वेळी सांगायला सोपं होतं: डोलणारे राहिलेच नाहीत. लोकांनी मान डोलावली. प्रवासी गाड्या तर काही वर्षांत बंदच पडल्या, आणि लोकांना वाटलं आता प्रश्नच मिटला. पण मालगाड्यांना चार-चार इंजिनं लागू लागली, रूळ नवे पडले, वीसची बंदी उठली, आणि आजोबा साठ मैलांनी चढ चढू लागले. वेन्सिल निवृत्त होऊन तिसऱ्यांदा निघाला. आता नवी पिढी दार उघडायची आणि आत ओरडून सांगायची, "आई, ते दिवेवाले आलेत."

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तो छातीच्या दुखण्याने गेला. सत्तर वर्षांचा होता.

आमची दफनभूमी कोलार क्रॉसिंगच्या पलीकडे आहे. थोरला चेर्माक तोवर स्वतःच तिथे पोचला होता, आणि शववाहिका डेल चालवत होता. तिसऱ्या बाकावरचा तोच. मागच्या गाडीत मी आणि लुडमिला. चालवायला विलेम झेलेन्का. त्यानेच मागून घेतलं होतं. त्यामागे बावीस गाड्या. अंत्ययात्रेत सगळ्या गाड्या दिवे लावतात, आणि आमच्याकडचा रिवाज असा की रांग तोडायची नाही. थांबायची पाटी आली तरी पहिलीच्या मागे सगळ्यांनी निघून जायचं.

ढगाळ दुपार होती. क्रॉसिंगपाशी आलो तेव्हा पूर्वेला, लांब, एक दिवा दिसत होता. न डोलणारा. डेलची गाडी जराशी मंदावली. काळ्या टोपीखालचं त्याचं डोकं दिव्याकडे वळलेलं मला दिसलं. मग तो निवांत निघाला.

विलेमने ब्रेक दाबला. लुडमिलाचा हात माझ्या मनगटावर आला. पहिलं इंजिन गेलं तेव्हा शववाहिकेचं मागचं चाक रुळांवरून उतरून किती अंतर झालं असेल हे मी त्यानंतर पुष्कळ जणांना विचारलं. कोणी वीत म्हणतं, कोणी हात. मग आम्ही डबे मोजत बसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एकशे आठ होते. वेन्सिल पलीकडे होता आणि त्याची सगळी माणसं अलीकडे.

शेवटचा डबा गेल्यावर दिसलं, डेल गाडीबाहेर उभा होता. टोपी हातात, तोंड पांढरंफटक. आम्ही ओलांडून त्याच्याजवळ थांबलो. लुडमिलाने काच खाली केली.

"दिवा डोलत नव्हता, काकू," तो म्हणाला.

"ते दिवे काढून नऊ वर्षं झाली, डेल."

"माहीत आहे, काकू."

लुडमिला म्हणाली, "चल. थंडी आहे."

आमच्यामागच्या बावीस गाड्या एकेक करून आल्या. रिवाज मोडून प्रत्येकजण रुळाशी थांबला, दोन्हीकडे नीट बघून मगच निघाला. दफनाला अर्धा तास उशीर झाला. इतकी माणसं इतक्या शहाण्यासारखी रूळ ओलांडताना वेन्सिलने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

हॉलमध्ये जेवण तयार होतं: हॅम, आंबट कोबी, डम्पलिंग. ते गार होऊ नये म्हणून परतताना सगळे लगबगीने निघाले. कोलार क्रॉसिंगशी आम्ही आलो तेव्हा पश्चिमेला, लांब, एक दिवा दिसत होता. विलेम थांबला.

मागच्याने हॉर्न वाजवला.